रस्त्याकडेचा थोरला मेंढा

आपल्या गावाच्या वेशीवर कोण असतो? मारुती असतो. कुठे शेंदूर फासलेला म्हसोबा असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याने घटकाभर थांबावे, हात जोडावे आणि पुढे जावे, अशी आपली रीत आहे.

आता गाव सोडून हमरस्त्याला लागा. तिथेही कोणी ना कोणी उभे असते. एखाद्या ढाब्यासमोर सिमेंटची बैलजोडी असते. तिला निळी झूल रंगवलेली, शिंगांना पिवळा रंग दिलेला. रसवंतीपुढे लाकडी बैलगाडी उभी करून ठेवलेली असते. ती गाडी कुठे जात नाही. बैल चारा खात नाहीत. त्यांना एकच काम. भरधाव जाणाऱ्या मोटारीतल्या पोराने ओरडावे, “बाबा, बैल बघा!” आणि बाबांनी ब्रेक दाबावा. मग चहा होतो, मिसळ होते, दोन पैसे दुकानात पडतात.

समजा, तो बैल पाच मजली इमारतीएवढा असता तर?

तुम्ही म्हणाल, मास्तर थट्टा करतात. पण आम्ही असे जनावर डोळ्यांनी पाहिले आहे, त्याच्या पोटातून जिना चढून वर गेलो आहोत आणि त्याच्या डोळ्यांतून बाहेर डोकावलो आहोत. ते जनावर बैल नाही, मेंढा आहे. तो ऑस्ट्रेलिया देशात, गोलबर्न नावाच्या शहरात, रस्त्याच्या कडेला उभा आहे.

आमची मुलगी सिडनी शहरात असते. तिच्याकडे तीन महिने राहण्याचा योग आला होता. एका रविवारी जावई म्हणाले, “बाबा, आज राजधानी पाहून येऊ.” त्या देशाची राजधानी कॅनबेरा. सिडनीहून मोटारीने निघाले की साधारण १९५ किलोमीटरवर गोलबर्न लागते. आम्हाला डुलकी लागली होती. नातू ओरडला, “आजोबा, मेंढा!” आम्ही म्हटले, मेंढरे काय, आपल्याकडे रोज दिसतात. डोळे उघडून पाहतो तो काय, पेट्रोल पंपाच्या छपराच्या वर एक करडे डोके! वळलेली दोन शिंगे! आमच्या घरातून तर नकळत हात जोडले गेले.

आधी त्याचे माप सांगतो. मेंढा १५.२ मीटर उंच आहे, म्हणजे ५० फूट. लांबी १८ मीटर. म्हैसूरला चामुंडीच्या डोंगरावरचा दगडी नंदी पुष्कळांनी पाहिला असेल. तो सुमारे १६ फूट उंच आहे. असे तीन नंदी एकावर एक ठेवले तरी मेंढा दोन फूट वर उरेल. वजन सुमारे १०० टन. दहा चाकांचा मालट्रक पोटभर भरला तर २५ टनांच्या आसपास जातो. असे चार ट्रक म्हणजे हा एक मेंढा.

एवढे जनावर उभे कसे राहते? आपल्यात गवंडीकाम करणारे असतील, त्यांना चटकन समजेल. आधी लोखंडाचा सांगाडा करतात. सांगाड्यावर जाळी ताणून बांधतात, आणि जाळीवर सिमेंटचा गिलावा चढवतात. आत पोकळ, बाहेर जनावर. पाण्याची सिमेंटची टाकी बांधतात ना, त्याच जातीचे काम. फरक एवढाच की टाकीला लोकर काढावी लागत नाही. या मेंढ्याच्या अंगावर गिलावा ओला असताना लोकरीच्या वळ्या काढल्या आहेत. मानेखाली कातडीच्या घड्या पडतात, त्याही दाखवल्या आहेत. जवळच्याच एका कळपातला जातिवंत मेंढा नमुना म्हणून घेतला होता. आणि हा मेंढा आहे, मेंढी नव्हे, याविषयी मागून पाहणाराला काडीची शंका राहू नये, अशी कारागिरानी पुरती काळजी घेतली आहे. बायाबापड्या तिकडून हसत हसत फोटो काढून घेतात. आम्ही तिकडे फार वेळ थांबलो नाही.

पोटात तीन मजले आहेत. खालच्या मजल्यावर लोकरीच्या वस्तूंचे दुकान. मधल्या मजल्यावर लोकरीच्या धंद्याची माहिती मांडली आहे. सर्वांत वर गेले की मेंढ्याचे डोळे. त्या डोळ्यांतून शहर दिसते.

पण मेंढाच का? हत्ती का नाही, सिंह का नाही?

कारण ते शहर मेंढ्यांवर जगले. या मेंढ्याच्या जातीला मेरिनो म्हणतात. ही जात मूळची स्पेन देशातली. तिथून ती आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला गेली आणि १७९७ साली जहाजातून ऑस्ट्रेलियात उतरली. आपल्या धनगर बंधूंची दख्खनी मेंढी काटक आहे, चार महिने पायपीट करून जगते, पण तिची लोकर जाडीभरडी. तिचे घोंगडे होते. घोंगडे पावसात आणि थंडीत सोन्यासारखे, पण अंगाला टोचते. मेरिनोची लोकर इतकी बारीक आणि मऊ की तिचे कापड उघड्या अंगावर घालता येते. इंग्लंडच्या गिरण्यांना तीच हवी होती. त्या लोकरीवर सारा देश वर आला. देश मेंढीच्या पाठीवर बसून चालतो, अशी म्हणच तिकडे पडली. गोलबर्नला १८६३ साली शहराचा दर्जा मिळाला. भोवताली मेंढरांचीच कुरणे होती.

हा मेंढा उभा राहिला १९८५ साली. तो काही सरकारने बांधला नाही, की देवस्थानाने. खासगी मंडळींनी बांधला. त्या वेळी सिडनीहून मेलबर्नला जाणारा मोठा रस्ता गोलबर्न शहरातूनच जात होता. या दोन शहरांतला सगळा व्यवहार त्या रस्त्याने चाले. मोटारी, मालगाड्या, सहलीच्या बसगाड्या. रस्त्याला लागून मेंढा. मेंढ्यापाशी पेट्रोल पंप, उपाहारगृह, दुकान. लोक थांबत, फोटो काढत, खात-पीत, मफलर विकत घेत. मेंढ्याला लोकांनी लाडाने रॅम्बो असे नाव ठेवले. इंग्रजीत मेंढ्याला रॅम म्हणतात, त्यावरून.

ही युक्ती मात्र गोलबर्नवाल्यांची नव्हे. ती एका केळीवाल्याची. आपल्या जळगावकडच्या वाचकांना ऐकून बरे वाटेल. समुद्राकाठी कॉफ्स हार्बर नावाचे गाव आहे. तिथे एका बागवाल्याचे रस्त्याकडेला केळीचे दुकान होते. मोटारी भरधाव निघून जात, थांबत नसत. त्याने हवाई बेटावर एका कारखान्याचा भला मोठा अननस पाहिला होता. त्याने १९६४ साली दुकानापुढे १३ मीटर लांबीचे सिमेंटचे केळे बांधून घेतले. लोक थांबू लागले. ही वार्ता पसरायला काय वेळ? मग ज्या गावात जे पिकते, जे पकडतात, जे पाळतात, ते मोठे करून रस्त्यावर मांडण्याची चढाओढच लागली. आज त्या देशात अशा लहानमोठ्या गोष्टी दीडशेच्या वर आहेत. फळे आहेत, गिटार आहे, आणि जनावरे तर पुष्कळ.

कोणाला तिकडे जाण्याचा योग आला, मुले-नातवंडे तिकडे असतील, तर कुठे काय पाहावे ते सांगून ठेवतो.

ॲडलेड शहराच्या दक्षिणेला समुद्राकाठी किंग्स्टन नावाचे गाव आहे. तिथे १९७९ सालापासून एक शेवंड उभी आहे. शेवंड म्हणजे कोकणातल्या मंडळींना सांगायला नको. ती १७ मीटर उंच आहे. ही सिमेंटची नाही. लोखंडी सांगाड्यावर फायबरचे कवच आहे, त्यामुळे वजन थोडे. गावचा धंदा शेवंडी पकडण्याचा, म्हणून शेवंड. लोक गंमतीने सांगतात की नकाशात माप फुटांत होते आणि कारागिराने ते मीटर समजून बांधून टाकली! या गोष्टीवर विश्वास ठेवू नका, पण गोष्ट चांगली आहे. हिसाबाच्या तासाला आम्ही ती मुलांना सांगितली असती. तिचा रंग लालभडक दिला आहे. आपल्याकडची शेवंड जिवंतपणी अशी लाल नसते, उकडल्यावर होते. पण मोटारवाल्याला भुकेची आठवण करून द्यायची, तर असाच रंग हवा.

मेलबर्नहून ॲडलेडला जाताना डॅड्सवेल्स ब्रिज नावाच्या लहानशा गावी १४ मीटर उंचीचा कोआला बसला आहे. कोआला हे झाडावर राहणारे, झोपाळू, गुबगुबीत जनावर. खरा कोआला पाहिला की उचलून घ्यावेसे वाटते. या मूर्तीचा फोटो आम्ही पाहिला, तो मात्र लहान मुलांना दाखवू नये असा आहे. मोठे करताना गोडवा राहत नाही, हे त्या कारागिरांना कोणी सांगितले नसावे. उत्तरेला डार्विन शहराजवळ हम्प्टी डू या गावी एक मगर मागच्या पायांवर उभी आहे आणि तिच्या हातांत मुष्टियुद्धाचे मोजे आहेत. ती १३ मीटर उंच. किंबा या गावी ८ मीटरचा गुलाबी पोटाचा काकाकुवा आहे. देशाच्या पूर्व टोकाहून पश्चिम टोकाला जाणाऱ्या वाटेवर ते गाव निम्म्यावर येते, म्हणून लोक तिथे हमखास पाय मोकळे करतात.

पोस्टखात्याने २००७ साली यांतल्या पाच गोष्टींची तिकिटे काढली. त्यांत आपला मेंढा, ती शेवंड आणि ते केळे होते. २०२३ साली एक डॉलरच्या नाण्यांवरही अशी मंडळी आली. म्हणजे दुकानदाराची पाटी म्हणून जन्मलेली वस्तू देशाच्या नाण्यावर जाऊन बसली.

हा नाद फक्त ऑस्ट्रेलियाला आहे असे नाही. अमेरिकेत जेम्सटाउन येथे १९५९ सालापासून २६ फूट उंच सिमेंटचा गवा उभा आहे. कॅनडात मूस जॉ नावाचे शहर आहे. मूस म्हणजे सांबरासारखा, पण घोड्याहून उंच, थंड प्रदेशातला प्राणी. नावातच मूस, म्हणून त्यांनी १९८४ साली मूसची मूर्ती उभारली आणि जगातला सर्वांत उंच मूस आपला, असे ते अभिमानाने सांगत. पुढे २०१५ साली नॉर्वे देशात ऑस्लो ते ट्रॉनहाइम या रस्त्यावर चकचकीत पोलादाचा मूस उभा राहिला. तो यांच्यापेक्षा फूटभर उंच निघाला! कॅनडावाल्यांच्या हे लक्षात आले २०१९ साली. झाले, दोन देशांत वाद पेटला. वर्तमानपत्रांत आले, दोन्ही गावांचे कारभारी बोलले, शेवटी भेटून गोडीने समेट झाला. त्याच वर्षी कॅनडावाल्यांनी आपल्या मूसला नवी, मोठी शिंगे बसवली आणि मान परत मिळवला. नॉर्वेच्या मूसचा हेतू मात्र वेगळा होता, तो आम्हाला फार आवडला. त्या रस्त्यावर रानातले मूस आडवे येतात, मोटारी धडकतात, माणसे आणि जनावरे दोन्ही मरतात. लांबच लांब एकसुरी रस्त्यावर चालकाला झापड येते. त्याने दचकून जागे व्हावे आणि मूसची आठवण ठेवावी, म्हणून तो तिथे उभा केला आहे. आपल्या घाटात “वाहने सावकाश हाका” अशी पाटी असते. ती कोण वाचतो?

आता परत गोलबर्नला येऊ, कारण खरी हकीकत पुढेच आहे.

मेंढा उभा राहिला तेव्हा लोकरीला चांगला भाव होता. भाव पडू नये म्हणून तिकडे एक व्यवस्था होती. ठरलेल्या भावाच्या खाली लोकर गेली की उत्पादकांचे मंडळ ती स्वतः विकत घेई. आपल्याकडच्या हमीभावाची आणि कापसाच्या एकाधिकार खरेदीची तुम्हाला आठवण होईल. पण भाव वर ठेवला आणि घेणारे देश मागे हटले. गोदामे भरत गेली. १९९१ साली ही व्यवस्था मोडून पडली, तेव्हा सुमारे ४७ लाख गाठी शिल्लक होत्या. तो साठा पुरता विकून संपायला २००१ साल उजाडले. भाव कोसळला. चारायला परवडत नाही म्हणून मेंढरे गोळ्या घालून पुरली गेली. ज्याने जनावर पाळले आहे त्याला हे वाचवणार नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९२ साली, दुसरा घाव बसला. गोलबर्नला बायपास झाला.

बायपास म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आमचे स्वतःचे गाव हमरस्त्यावरचे. शाळेसमोरच्या फाट्यावर सात हॉटेले होती. रात्री दोन वाजता चहा मिळे. रस्ता चौपदरी झाला, गावाला वळसा घालून उड्डाणपुलावरून गेला. गावात शांतता झाली, पोरे रस्त्यावर खेळू लागली, धूर कमी झाला, अपघात थांबले. हे सारे चांगलेच झाले. आमच्या शाळेची दोन मुले त्या जुन्या रस्त्यावर गेली होती, त्यामुळे बायपासला आम्ही कधी नाव ठेवणार नाही. पण सातांपैकी एकच हॉटेल राहिले. भेळवाले, पंक्चरवाले, पेरू विकणाऱ्या बायका, सगळे हळूहळू दिसेनासे झाले. त्यांच्यापैकी काहींची मुले आमच्याच वर्गात बसत. त्यांच्या घरी काय शिजते ते डब्यावरून समजे.

गोलबर्नला हेच झाले. गाड्या शहराबाहेरून सुसाट जाऊ लागल्या. मेंढा होता तिथेच उभा, पण त्याच्यासमोरचा रस्ता ओस पडला. त्याच्या डोळ्यांतून पाहायला वर चढणारे कमी झाले. एवढे मोठे जनावर, पण दिसायला तर रस्ता जवळ हवा ना?

मग त्यांनी काय करावे? रस्ता काही परत येणार नाही. तेव्हा मेंढाच रस्त्याकडे न्यायचा, असे ठरले. २६ मे २००७ रोजी त्या १०० टनांच्या मेंढ्याला त्याच्या जागेवरून उचलले, प्रचंड मोठ्या गाडीवर चढवले आणि ८०० मीटर दूर, नव्या महामार्गाला जिथे फाटा फुटतो तिथे नेऊन ठेवले. आपल्याकडे धनगर मेंढरे हाकतो, चारा असेल तिकडे नेतो. तिथे तर अख्ख्या शहराने आपला एकुलता एक मेंढा हाकला. पंधरा वर्षे वाट पाहून हे झाले, हेही ध्यानात घ्या. नव्या जागी पुन्हा गाड्या वळू लागल्या. त्यांतच आमचीही गाडी होती.

मेंढा बांधणाऱ्या मंडळींनीच दुसऱ्या एका मोठ्या रस्त्यावर आणखी दोन जीव बांधले होते. हा रस्ता सिडनीहून उत्तरेला समुद्राकाठाने जातो. त्यावर बॅलिना या गावी १९८९ च्या सुमारास त्यांनी कोळंबी बांधली आणि टॅरी या गावी १९९० साली कालव. कोळंबी पेट्रोल पंपाच्या छपरावर बसवली होती. काही वर्षांत तिची रया गेली. रंग उडाला, डागडुजी कोणी करीना. २००९ साली तिथल्या नगरपालिकेने ती पाडायला परवानगी दिली. आता गंमत पाहा. जिच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हते, ती जाणार म्हटल्यावर गावाला उमाळा आला. आमची कोळंबी पाडू नका, असा गिल्ला झाला. अखेरीस एका हार्डवेअरच्या मोठ्या कंपनीने ती जागा घेतली आणि २०१३ साली सुमारे ४ लाख डॉलर खर्चून कोळंबी नवी केली. पूर्वी तिला शेपूट नव्हते, तेही लावून दिले. आज ती त्या दुकानापाशी उभी आहे. आमच्या मते कंपनीने काही धर्म केला नाही. तिला एवढी मोठी पाटी दुसरीकडे कुठे मिळाली असती? पण कोळंबी वाचली हे खरे.

किंग्स्टनच्या शेवंडीलाही अशीच अवकळा आली होती. तिच्यासाठी २०१७ च्या सुमारास रेडिओवर बोलणाऱ्या दोघा विनोदी माणसांनी लोकांना हाक घातली, वर्गणी जमली आणि तिला नवा रंग मिळाला.

केळेवाले तर आधीपासून हुशार निघाले. केळ्याभोवती त्यांनी खेळ, घसरगुंड्या, बर्फावरचे घसरणे, असे काय काय उभे केले. लोक आता नुसते केळे पाहायला येत नाहीत, दिवस घालवायला येतात. कॉफ्स हार्बरलाही अलीकडे बायपासचे काम हाती घेण्यात आले. तेव्हा त्यांच्या हुशारीचीही परीक्षा आहेच.

राहिले टॅरीचे कालव.

कालव आपल्याकडे रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर बायका कोयतीने काढतात, तेच. टॅरीच्या नदीत त्यांची शेती करतात. म्हणून रस्त्याकडेला एका इमारतीच्या माथ्यावर सिमेंटचे उघडे शिंपले बांधले. खाली दुकान, उपाहारगृह. बांधून जेमतेम सात वर्षे झाली आणि १९९७ साली टॅरीलाही बायपास झाला. मेंढा सुटा होता, उचलून नेता आला. कालव इमारतीलाच चिकटलेले. खडकावरचे कालव जसे हलत नाही, तसेच हेही. धंदा बसला. पुढे खालच्या जागेत मोटारी विकण्याचे दुकान निघाले. वर कालव, खाली मोटारी! गावातले लोक त्याची टवाळी करतात, पण पाडायला खर्च येतो, म्हणून ते आहे.

आम्ही मेंढा पाहून आल्यापासून आम्हाला या कालवाची फार ओढ लागली होती. परत येण्याच्या आधी दोन दिवस केळे पाहायला कॉफ्स हार्बरला जायचे ठरले. टॅरी त्याच वाटेवर, सिडनीहून ३०० किलोमीटरच्या आसपास. आम्ही नकाशा काढून मांडीवर घेऊन बसलो होतो. टॅरीचा फाटा जवळ आला तसे आम्ही म्हटले, “जावईबापू, इथे जरा आत घ्याल का? कालव पाहू.”

जावई म्हणाले, “बाबा, आत शिरलो तर बराच वेळ मोडेल. पुढे अजून निम्मी वाट आहे. येताना पाहू.”

नातू झोपला होता. आमच्या घरातून म्हणाल्या, “अहो, शिंपल्यात काय बघायचंय? चला पुढं.”

फाटा मागे गेला. गाडी शंभराच्या वर होती. आम्ही मान वळवून काचेतून पाहत राहिलो, पण झाडांखेरीज काही दिसले नाही. येताना अंधार पडला होता, तेव्हा कोणी विषयच काढला नाही.